लग्नाचे शंभर आणि खताचे पावणेनऊशे

दख्खनच्या शेतकऱ्याविषयी एक वाक्य गेली दीडशे वर्षे जसेच्या तसे फिरते आहे. ‘ऋण काढून सण करतो, पोराच्या लग्नात गाव जेवू घालतो आणि मग सावकाराच्या दारात बसतो.’ साहेबाच्या टिपणात हे वाक्य होते, शहरातल्या सुधारकाच्या व्याख्यानात होते, आज स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये ‘कर्जबाजारीपणाची कारणे’ या मथळ्याखाली ते तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर हमखास सापडते. इतके ओळखीचे की त्याला पुरावा मागावा असे कोणाला वाटतच नाही.

आजचा धागा या वाक्याविरुद्ध आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे आणि नगर जिल्ह्यांतला कुणबी लग्नखर्चामुळे बुडाला, हे खरे नाही. शिवाय ते खरे नाही, हे इंग्रज सरकारच्याच चौकशी मंडळाने १८७६ साली छापून ठेवले आहे. तरीही ते वाक्य टिकले, कारण ते टिकणे अनेकांच्या सोयीचे होते.

सुरुवात सुप्यापासून करू. भीमथडी तालुक्यातले सुपे, १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे त्यांच्या वह्या आणि कर्जखते मागितली. ती हाती येताच जाळली. धान्याची दुकाने लुटली गेली, कुठे कुठे घरांना आगी लागल्या, पण जिथे खते मुकाट्याने दिली गेली तिथे बहुधा प्रकरण तेवढ्यावर मिटले. पुढच्या दोन महिन्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोहोचले. हाच तो ‘दख्खनचा दंगा’.

तारखेकडे जरा थांबून पाहा. मे महिन्याचा दुसरा आठवडा, त्या वर्षीचा वैशाख. अक्षय्य तृतीया नुकतीच झालेली. म्हणजे ऐन लग्नसराई! लग्नाच्या खर्चाने पिचलेला माणूस लग्नसराईत जर उठला असता तर तो कोणावर उठला असता? भटजीवर, वाजंत्र्यावर, भाऊबंदांवर, फार तर कापडवाल्यावर. सुप्याच्या शेतकऱ्याने कागद मागितला. आपल्याला कोणत्या वस्तूने बांधून घातले आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

दंगा शमल्यावर सरकारने चौकशी मंडळ नेमले, तेच ‘डेक्कन रायट्स कमिशन’. त्याचा अहवाल १८७६ साली तयार झाला आणि दोन वर्षांनी तो ब्रिटिश संसदेपुढे गेला. मंडळासमोर लग्नखर्चाचा मुद्दा येणार हे उघड होते, कारण जिल्ह्यांतले कितीतरी अधिकारी तोच मुद्दा वर्षानुवर्षे कळवीत आले होते. मंडळाने त्यावर काय म्हटले? या कारणाला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे, असे म्हटले. रयतेच्या ऐपतीच्या मानाने लग्नाचा खर्च मोठा दिसतो, हे त्याने मान्य केले. पण असे प्रसंग क्वचित येतात, अनेक वर्षांचा हिशेब काढला तर त्याच्यासारख्या माणसाने संसाराच्या सुखावर जेवढे खर्चावे त्याहून ते अधिक भरत नाही, आणि कर्जाचा गाभा तिथे सापडत नाही, असाही निष्कर्ष दिला. कर्ज फुगते ते खायला धान्य, पेरायला बी, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढाव्या लागणाऱ्या लहान लहान रकमांनी.

हा निष्कर्ष देणारे मंडळ शेतकऱ्यांचे कैवारी नव्हते, हे मुद्दाम सांगतो. ते सरकारने नेमलेले होते आणि सरकारचा सारा निर्दोष ठरवण्याकडे त्याचा कल उघड होता. साक्षीदार आपल्या बाजूचा नसतानाही आपल्या बाजूचे बोलतो, तेव्हा त्या साक्षीचे वजन वाढते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

आता आकडे. मंडळाने तपासलेल्या भागात सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी सुमारे एक तृतीयांश कर्जात रुतलेले होते. त्यांचे कर्ज सरासरीने त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या सुमारे १८ पट होते. आणि त्या कर्जाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग जमीन गहाण टाकून उभा होता.

हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका, त्यांवर थोडे गणित करू. गणित माझे आहे, नमुन्यादाखल आहे. समजा, एका खातेदाराचा सारा वर्षाला २० रुपये. १८ पटीने त्याचे कर्ज ३६० रुपये. व्याजाचा दर दरमहा दरशेकडा दोन रुपये धरू, म्हणजे वर्षाला २४ टक्के. त्या काळी याहून चढे दरही सर्रास होते. ३६० रुपयांवर वर्षाचे व्याज झाले ८६ रुपये आणि काही आणे. साऱ्याच्या चौपटीहून अधिक! एवढ्या पैशांत एखाद्या साध्या कुणब्याच्या घरचे लग्न बरे म्हणावे असे पार पडले असते. म्हणजे ज्या घरात उपवर मुलगी नाही, अंगणात मांडव नाही, त्या घराला दरवर्षी एका लग्नाइतका पैसा नुसत्या व्याजापोटी द्यावा लागत होता.

‘पण मुळात पहिले शंभर रुपये लग्नासाठीच काढले असतील ना?’ हा आक्षेप रास्त आहे. काही घरांत तसे नक्कीच झाले असेल. मग त्या शंभर रुपयांचे पुढे काय होई ते पाहू.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू असा सांगितला गेला की, सावकाराने व्याज वर्षानुवर्षे तुंबवत ठेवू नये. घडले उलटे. मुदत संपत आली की सावकार जुने खत फाडून नवे लिहून घेई आणि तीन वर्षांचे थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसे. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता: व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. पण नवे खत म्हणजे नवी मुद्दल, आणि नव्या मुद्दलाला नवी दामदुपट. शिवाय १८५५ सालीच व्याजदरावरच्या कायदेशीर मर्यादा उठवण्यात आल्या होत्या. आता २४ टक्क्यांनी आणि दर तीन वर्षांनी खत बदलून शंभर रुपये चालवून पाहा. तिसऱ्या वर्षाअखेर १७२. सहाव्या वर्षी २९६. नवव्या वर्षी ५०९. बाराव्या वर्षी ८७५.

लग्नाला लागले ते शंभर. वरचे पावणेआठशे त्या मांडवात कधी आलेच नव्हते. त्यांनी कोणी जेवले नाही, कोणाच्या अंगावर लुगडे आले नाही, वाजंत्रीही वाजली नाही. ते दर तीन वर्षांनी एका कागदावर जन्मले. आणि माझे गणित सौम्य आहे. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक प्रकरण या मंडळाच्या कागदपत्रांत आहे. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकातही त्याचा उल्लेख आहे, म्हणजे ते शोधायला कोणाला दप्तरखान्यात जायची गरज नाही.

या कागदामागे न्यायालय उभे होते. पूर्वी सावकाराला गावात राहून वसुली करावी लागे, म्हणजे गावाची भीड, पाटलाचा शब्द, चार लोकांची लाज त्याला धरून चालावे लागे. नव्या व्यवस्थेत खत दाखवले की हुकूमनामा मिळे. शेतकरी बहुधा हजरच नसे. तालुक्याच्या ठिकाणी जायला दिवस मोडायचा, वकिलाला पैसे नाहीत, आणि आपण अंगठा उठवलेल्या कागदावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नाही. एकतर्फी निकालांचा त्यामुळे खच पडला. हुकूमनाम्याच्या जोरावर जमीन लिलावात काढता येई, आणि देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकण्याची सोयही होती. हे संकट येणार, हे दिसलेले लोक सरकारातही होते. दख्खनच्या जमीन पाहणीची घडी ज्यांनी बसवली त्या विंगेट यांनी १८५२ सालीच लिहून ठेवले होते की, नव्या कायद्याने सावकाराच्या हातात नको तेवढे बळ दिले आहे.

मग लग्नच का डोळ्यांत भरले? मला वाटते, इथे साधनांच्या चिकित्सेचा एक चांगला धडा आहे.

लग्न दिसते आणि ऐकू येते. दौऱ्यावर निघालेल्या साहेबाचा तंबू गावाबाहेर पडलेला असतो, तिथे रात्रभर वाजंत्रीचा आवाज पोहोचतो. ज्या माणसाने सकाळी फाटक्या घोंगडीत येऊन साऱ्याला मुदत मागितली तोच संध्याकाळी वरबाप म्हणून मिरवताना दिसतो. साहेबाच्या मनात हे चित्र कायमचे बसते. व्याज वाढताना मात्र आवाज होत नाही. त्याच माणसाच्या नावावर गेल्या तीन वर्षांचे ७२ रुपये आज नव्या खतात मुद्दल झाले, हे पाहायला कोणी तंबू ठोकत नाही.

दुसरी गोष्ट सावकाराच्या वहीची. लग्नासाठी दिलेली रक्कम एकरकमी असते, तिला प्रसंगाचे नाव असते. बाजरीची दोन मणांची उचल, बैलाच्या किमतीतले राहिलेले वीस रुपये, साऱ्याच्या हप्त्याला दिलेले सात रुपये, या सगळ्या नोंदी खत बदलताना ‘मागील बाकी’ या एकाच ओळीत विरघळून जातात. त्यामुळे दहा वर्षांनी कोणी वही उघडून ‘कर्ज कशाला काढले?’ असे विचारले तर नाव लक्षात राहिलेली नोंद एकच निघते. शेतकऱ्यालाही विचारले तर तोही तेच सांगेल, कारण आठवण प्रसंगाची राहते. आणि नंतर आलेला वाचक म्हणतो, बघा, खुद्द शेतकरीच कबूल करतो आहे.

१८८० च्या दशकात मुंबई इलाख्याची जी जिल्हावार गॅझेटियरे निघाली त्यांतही हाच तिढा आहे. पुण्याचा किंवा नगरचा खंड उघडा: जातीजातीचे लग्नविधी पानेच्या पाने वर्णिलेले आहेत, हळदीपासून वरातीपर्यंत, आणि ठिकठिकाणी लग्नाचा खर्च रुपयांत दिलेला आहे. हे वर्णन मोलाचे आहे, मी ते आवडीने वाचतो. पण ज्या ग्रंथात लग्नाचा खर्च जातवार मिळतो आणि खत बदलल्याचा खर्च जातवार मिळत नाही, त्या ग्रंथावरून ‘लग्नामुळे कर्ज’ हा निष्कर्ष काढणे म्हणजे जिथे कंदील आहे तिथेच हरवलेली वस्तू शोधणे होय.

बरे, लग्नातला पैसा जात कुठे होता? हा प्रश्न साहेबाने फारसा विचारला नाही. त्या काळच्या कुणब्यांत आणि इतर अनेक कष्टकरी जातींत, विशेषतः गरीब घरांत, देज देण्याची चाल होती. म्हणजे वराकडून वधूच्या बापाला पैसा जाई. आजच्या हुंड्याच्या नेमका उलट. एका कुणब्याचा ‘लग्नखर्च’ हा दुसऱ्या कुणब्याची प्राप्ती असे. मुलीच्या बापाने तो पैसा मुलाच्या देजाला वापरला की तो तिसऱ्याच्या घरी जाई. पैसा शेतकऱ्यांच्याच घरांतून फिरत राही. आणि देज का? कारण मुलगी म्हणजे निंदणी-खुरपणी-कापणीला राबणारे दोन हात. एका घरातून ते उठत होते, दुसऱ्या घरात जात होते. याचे गोडवे गाण्यासारखे काही नाही, बाईच्या श्रमाचा आणि पुढे तिच्या देहाचाही तो सौदा होता, आणि बालवयात लग्ने लागत असल्याने तिला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पण आपण इथे हिशेब मांडतो आहोत, आणि त्या हिशेबात देज उधळपट्टीच्या रकान्यात बसत नाही.

आहेराचेही तसेच. आहेर म्हणजे भेट, असे आपण समजतो. गावाकडे आहेराची वही ठेवणारी घरे आजही आहेत. कोणी किती केले ते लिहून ठेवायचे आणि त्याच्या घरच्या कार्यात तेवढेच, शक्य तर थोडे वर, फेडायचे. हे बिनव्याजी देणेघेणे आहे. धान्य सोयरे आणतात, सरपण भाऊबंद फोडतात, भांडी शेजारची येतात. साहेबाला जेवणारी पंगत दिसली, पण पंगतीला कोणी काय आणून दिले ते दिसले नाही. शिवाय सावकाराकडे जी पत लागते तीही याच गोतावळ्यातून येते. अडीअडचणीला जामीन कोण राहणार? लग्नातून जोडलेला सोयराच ना? सोयरीक तोडून काटकसर केलेला शेतकरी पहिल्या दुष्काळात उघडा पडला असता.

आणि हा खर्च पुढे ढकलता येतो. पाऊस पडला नाही तर लग्न पुढच्या वैशाखावर जाते. साऱ्याचा हप्ता असा जात नाही.

लग्नखर्चावर कडाडून टीका केलेला त्या काळचा एक माणूस मला मान्य आहे, आणि तो पुण्याचाच. जोतीराव फुले. पण त्यांचा प्रश्न साहेबाच्या प्रश्नाहून वेगळा होता. साहेब विचारतो: हा इतका खर्च का करतो? जोतीराव विचारतात: याच्याकडून घेतो कोण? १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या पहिल्याच प्रकरणात शेतकऱ्याच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीत दक्षिणा कशी काढली जाते याचा झाडा आहे, त्यात लग्नही आले. आणि जोतीराव तेवढ्यावर थांबत नाहीत. त्याच पुस्तकात सारा, पाटबंधाऱ्याचे अधिकारी, न्यायालये आणि कारकून हे सगळे पुढे ओळीने येतात. लग्न त्यांच्या लेखी शोषणाच्या साखळीतली एक कडी आहे. शेतकऱ्याच्या अंगचा दुर्गुण म्हणून ते त्याच्याकडे पाहत नाहीत.

शिवाय त्यांनी उपाय करून दाखवला. सत्यशोधक समाजाची स्थापना सप्टेंबर १८७३ मध्ये झाली आणि पहिले सत्यशोधक लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी लागले, ब्राह्मण पुरोहिताशिवाय आणि अगदी थोडक्या खर्चात. सुप्याच्या दंग्याला अजून दीड वर्ष होते. ही चळवळ शहरापुरती राहिली नाही. जुन्नर तालुक्यात ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी पुरोहिताला न बोलावता घरचे लग्न लावले, तेव्हा ग्रामजोशाने आपला वतनी हक्क बुडाला म्हणून दावा ठोकला. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी बाळाजींच्या बाजूने सुटले.

या दाव्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ‘लग्नात खर्च करू नकोस’ असा उपदेश ज्याला सगळे करीत होते, त्याने खरोखर एक खर्च वाचवला तेव्हा त्याला कोर्टात खेचण्यात आले. ओतूरच्या पाटलाला काटकसर करायला वरिष्ठ न्यायालयाचा निकाल लागला! खर्च हौसेचा होता की वतनाने लादलेला, हे ठरवायला माझ्या मते हे एक प्रकरण पुष्कळ आहे.

आता माझ्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट, कारण ती लपवली तर हा धागा वकिली होईल. लग्नामुळे माणूस खरोखर गुलाम झाल्याचे उदाहरण आपल्याकडे आहे: तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यातला ‘लग्नगडी’. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे, बायकोसह. ते फिटत नसत. १९४५ च्या वारल्यांच्या उठावात ही वेठ मोडली, आणि तिचे वर्णन गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये आहे. इथे तर कर्जाचे नावच लग्नावरून पडले! पण जरा खोलात जाऊन पाहिले तर इथेही तोच प्रकार. रक्कम लहान होती. ती फिटत नव्हती कारण मजुरी किती आणि फिटले किती, हे दोन्ही आकडे जमीनदारच ठरवीत होता. वारल्यांनी लग्ने करणे थांबवल्यामुळे ही वेठ संपली नाही. ती संपली, कारण वारल्यांनी राबायला नकार दिला.

मूळ अहवालाकडे परत. मंडळाने लग्नाला दोषमुक्त केले, सावकार आणि न्यायालयीन पद्धतीवर बोट ठेवले. आणि सारा? तिथे मंडळ एकदम हळुवार झाले. वस्तुस्थिती अशी की दख्खनमधली तीस वर्षांची पहिली जमाबंदी संपत होती आणि १८६७ पासून इंदापूरपासून सुरुवात करून फेरजमाबंदी चालू झाली होती. नवा सारा जुन्याच्या दीडपट आणि कुठे कुठे त्याहूनही अधिक. हा आकडा ठरला तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातल्या कापसाच्या तेजीकडे बघून. युद्ध १८६५ साली संपले, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला आणि नेमका तेव्हा वाढीव सारा दारात आला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ही तक्रार दंग्याच्या आधीच मांडली होती. मंडळातले एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी स्वतंत्र टिपण लिहून साऱ्याच्या फेरआकारणीलाही जबाबदार धरले. सरकारी सूर मात्र एकच राहिला: आमची मागणी माफक आहे, सावकार लोभी आहे, रयत अडाणी आहे.

सावकाराविषयीही एक शब्द, कारण या धाग्याखाली कोणीतरी ‘परप्रांतीयांनी लुटले’ असे लिहिणारच. दंग्यात मारवाडी आणि गुजर सावकार मुख्यतः लक्ष्य झाले हे खरे. पण तीन वर्षांची मुदत त्यांनी ठरवलेली नव्हती, व्याजावरची मर्यादा त्यांनी उठवली नव्हती, एकतर्फी हुकूमनामे ते देत नव्हते. सारा रोखीने आणि ठरल्या दिवशीच हवा, हा आग्रहही त्यांचा नव्हता. रयतेला सावकाराकडे ढकलणारा तो हप्ता सरकारचा होता.

सरकारलाही हे कळत होते, हे त्याच्या कृतीवरून दिसते. लग्नखर्च हे खरे कारण असते तर उपाय सोपा होता: उपदेशाच्या पुस्तिका छापायच्या, गावोगाव पाटलाकरवी जेवणावळींवर बंधन घालायचे. १८७९ साली सरकारने काय केले? डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. खतावरचा आकडा अंतिम न मानता व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासायचा अधिकार आणि कर्तव्य न्यायालयाला दिले. पैशाच्या देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. खत गावच्या निबंधकासमोर लिहिणे सक्तीचे केले, तडजोडीसाठी सलोखाकार नेमले. म्हणजे दुरुस्ती कुठे केली? खतात, व्याजात, न्यायालयात. लग्नाविषयी त्या कायद्यात अवाक्षर नाही. साऱ्यालाही हात लावला नाही, हे अर्थात विसरू नये.

म्हणजे १८७६ साली अहवाल, १८७९ साली कायदा, आणि दोन्हींत लग्न निर्दोष. तरीही ते वाक्य मेले नाही. पुढच्या पिढीतले कलेक्टर ते लिहीत राहिले, मग सहकारी पतपेढ्यांच्या सभांतले पुढारी ते बोलत राहिले, आणि स्वातंत्र्यानंतर ते आमचे झाले. १९८० च्या दशकात शेतकरी संघटनेने शेतमालाच्या भावाचा प्रश्न मांडला तेव्हा शरद जोशींना पुन्हा पहिल्यापासून हेच खोडत बसावे लागले की, शेतकरी आळशी नाही, व्यसनी नाही, लग्नात उधळतो म्हणून बुडत नाही.

आज आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी चौकशी येते. प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरायचे असते: नापिकी होती का, कर्ज होते का, वसुलीचा तगादा होता का. मदतीची रक्कम एक लाख रुपये. त्या चौकशीत गेल्या वर्षी मुलीचे लग्न झाल्याचे निघाले की खोलीतल्या कोणाच्या तरी चेहऱ्यावर कोडे सुटल्याचा भाव येतो. बँकेचे थकलेले पीककर्ज नवेजुने करून किती वेळा फिरवले, दर वेळी व्याज मुद्दलात किती मिळवले गेले, हे विचारले गेले तर त्याचे उत्तर पासबुकात असते. पासबुक बहुधा त्याच फडताळात असते, लग्नाच्या आहेराच्या वहीखाली.